"बाई, तो रडला होता": गडचिरोलीच्या वैद्यकीय महाविद्यालयास खुले पत्र

प्रति,
मा. अधिष्ठाता, सर्व अध्यापक आणि विद्यार्थी,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, गडचिरोली

सप्रेम नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावात तुमची काही मुलं-मुली आली होती. अंगात पांढरे अ‍ॅप्रन, हातात छापील तक्ते. प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून काही कुटुंबं दत्तक घ्यायची आणि शिक्षण संपेपर्यंत त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं, असा आता नियम आहे, हे त्यांच्यातल्याच एकीने मला सांगितलं. ती माझ्या शेजारच्या घरी ओसरीवर बसून विचारत होती, "घरात किती माणसं?" घरची बाई म्हणाली, "पाच." मुलीने पाच लिहिलं, रक्तदाब घेतला, वजन घेतलं आणि पुढच्या घरी गेली. त्या घरातलं एक बाळ दोनच महिन्यांपूर्वी आठ दिवसांचं होऊन गेलं होतं. ते तक्त्यात आलं नाही, कारण तसा प्रश्नच तक्त्यात छापलेला नव्हता. त्या मुलीला मी बोल लावत नाही. तिने विचारायचं ते नीट आणि मायेने विचारलं. पण त्या रात्री मला झोप आली नाही, आणि हे पत्र तेव्हापासून मनात आहे.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त आरोग्यसेविका. १९८८ साली एकविसाव्या वर्षी उपकेंद्रावर रुजू झाले आणि २०२५ मध्ये सेवानिवृत्त झाले. सगळी नोकरी याच जिल्ह्यात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला, आणि त्याला स्वतःचं वैद्यकीय महाविद्यालय मिळायला २०२४ उजाडलं. वर्षाला शंभर डॉक्टर इथे शिकणार. ज्या जिल्ह्यात बदली म्हणजे शिक्षा असं आम्ही नोकरीभर ऐकलं, त्या जिल्ह्यात मुलं गुणवत्ता यादीतून शिकायला येतात, याचा आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही. म्हणूनच तुमच्याकडे काही मागायचं आहे. पण आधी एका संस्थेची वाढ जशी मी बाहेरून, एका सरकारी उपकेंद्राच्या दारातून पाहिली, तशी सांगते. मागणं त्यातूनच येईल.

तुमच्यापासून पंधरा-वीस किलोमीटरवर, धानोरा रस्त्याला चातगावजवळ शोधग्राम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था. तुमच्यापैकी बहुतेकांनी नाव ऐकलं असेल, काहींनी एखाद्या शिबिरात त्यांना पाहिलंही असेल. आमच्या भागात त्यांना नायना आणि अम्मा म्हणतात. दोघेही नागपूरला एम.डी. झालेले, १९८४ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन आलेले, आणि १९८६ साली गडचिरोलीत येऊन एका गोदामात काम सुरू केलेले. संस्था उभी राहिली ती अशी. नाव मोठं होतं, जागा गोदामाची होती.

सुरुवातीचं एक संशोधन मला सगळ्यात शिकवणारं वाटतं, आणि ते यशाचं नाही. त्यांनी आदिवासी गावांत हजारो लोकांचं रक्त तपासलं आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार या जिल्ह्यात किती पसरलेला आहे ते दाखवलं. शास्त्र म्हणून काम पक्कं होतं. आज २०२३ पासून त्याच आजारासाठी देशपातळीवर मोहीम चालू आहे, म्हणजे प्रश्नही खोटा नव्हता. पण त्या वेळी गावच्या माणसांना तो आपला प्रश्न वाटला नाही. त्यांना ताप होता, खोकला होता, पोरं मरत होती, बायकांची कंबर मोडत होती. हे नायनांनी स्वतः जाहीरपणे अनेकदा सांगितलं आहे की त्या अनुभवानंतर संशोधनाचा विषय लोकांच्या दुखण्यातून घ्यायचं त्यांनी ठरवलं. संस्थेची खरी वाढ मी तिथून धरते.

अम्मांनी दोन गावं निवडली, वसा आणि अमिर्झा. तिथल्या ६५० बायकांची तपासणी केली. ज्यांना त्रास आहे त्यांचीच तपासणी केली नाही, सगळ्या जणींची केली. त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले, आणि याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात आठच होत्या. हा लेख १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. मी त्या वेळी वर्षभराची नोकरदार होते. आमच्या मासिक सभेत एकच प्रश्न असायचा, ऑपरेशनच्या केसेस किती आणल्या? कुटुंबनियोजनाचं टार्गेट पूर्ण झालं नाही तर पगार अडायचा. बाई माझ्याकडे येऊन खाली मान घालून सांगायची, "अंगावरून पांढरं जाते, कंबर दुखते," आणि मी तिला लोहाच्या गोळ्या देऊन विचारायची, "ऑपरेशन कधी करतेस?" माझ्या रजिस्टरमध्ये तिच्या त्या दुखण्यासाठी रकाना नव्हता. अम्मांनी तो रकाना जगापुढे उघडला. एप्रिल १९९६ मध्ये सरकारने टार्गेट बंद केली, त्याला देशभरातली खूप कारणं होती. पण दोन खेड्यांतल्या बायकांचं दुखणं मोजून झालं होतं, आणि मोजलेलं दुखणं नाकारणं अवघड जातं.

मग मुलं. संस्थेने शंभराहून जास्त गावांत जन्म-मृत्यूची नोंद सुरू केली. कोणाच्या घरी मूल जन्मलं, कोणाच्या घरी गेलं, गेलं तर कशाने, हे घरी जाऊन, आईजवळ बसून विचारायचं. १९८८ मध्ये त्या गावांत जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२१ बाळं वर्षाची होण्याआधी जात होती. आणि त्यात फार मोठा वाटा न्यूमोनियाचा होता. गावात त्याला डब्बा म्हणत. पोट उडतं, पोरगं दूध घेत नाही, मग पुजाऱ्याकडे नेतात, पोटावर डाग देतात. मी असे डाग दिलेली किती लेकरं हातात घेतली ते सांगता यायचं नाही.

त्या वेळी त्यांनी बनवलेली एक वस्तू तुमच्या महाविद्यालयाच्या संग्रहात पहिल्या कपाटात ठेवावी असं मला वाटतं. श्वास मोजायचं साधन. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. त्या साधनात धरलेली मर्यादा अशी: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्याचा ५० किंवा जास्त. पण गावची दाई शिकलेली नाही, दहा-बारापुढे मोजताना तिची गल्लत होते. म्हणून लाकडाची एक पट्टी, तिच्यावर मण्यांच्या दोन ओळी, आणि शेजारी मिनिटाची वाळूची घडी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. लहान बाळाच्या ओळीत पाच हिरव्या मण्यांनंतर लाल, मोठ्याच्या ओळीत चार हिरव्यांनंतर लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. मग हातातल्या औषधाचा डोस वयाप्रमाणे द्यायचा. मी ते साधन पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या मनात आलं ते अजून आठवतं: मला मोजता येतं, माझ्याकडे घड्याळ आहे, आणि मी आजवर एकाही लेकराचा श्वास पूर्ण मिनिट मोजलेला नाही. कोणी मला ते शिकवलंच नव्हतं.

५८ गावांत दाया आणि आरोग्यसेवकांनी असे उपचार केले, ४४ गावं तुलनेसाठी होती. १९९० मध्ये निकाल छापून आला. उपचारांच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी झाले होते.

तरी पहिल्या महिन्यातली बाळं जातच होती. आता मी माझ्या स्वतःच्या गोष्टीशी येते, जी मी आजवर कुठल्या कागदावर लिहिलेली नाही.

१९९३ च्या थंडीत माझ्या एका गावात एक बाळ जन्मलं. घरीच, दाईच्या हातून. दुसऱ्या दिवशी मी गेले, बाळ बारीक होतं पण जोरात रडत होतं. माझ्याकडे वजनकाटा नव्हता. आईला अंगावर पाज म्हणाले, टीटीची, म्हणजे धनुर्वाताच्या लशीची नोंद पाहिली, आणि नाला ओलांडून पुढच्या टोल्यावर, गावाबाहेरच्या वस्तीवर, गेले. चौथ्या दिवशी बाळ गेलं. महिन्याच्या अहवालात मी तो मृत्यू लिहिला. सभेत वरिष्ठांनी अहवाल वाचला आणि म्हणाले, "या महिन्यात आधीच दोन झालेत. हा उपजत मृत दाखवा." उपजत मृत म्हणजे पोटातच गेलेलं, जिवंत जन्मलंच नाही असं मूल. ते बालमृत्यूत धरत नाहीत. मी खोडून लिहिलं आणि सही केली. कोणत्या केंद्रावर, कोणी सांगितलं, ते मी इथे लिहिणार नाही. ते एका माणसाचं काम नव्हतं, आकडा वाढला की खुलासा मागायची रीत होती, आणि त्या रीतीला मी मान दिला.

दोन वर्षांनी ती बाई पुन्हा गरोदर राहिली. कार्ड भरताना आधीची बाळंतपणं लिहायची असतात. मी जुनं रजिस्टर काढून वाचलं, "पहिलं उपजत मृत." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, तो रडला होता न. तुम्हीच तर आयकलं होतं."

मी काही बोलू शकले नाही.

त्याच सुमाराला, १९९५ पासून, शोधग्रामची माणसं ३९ गावांमध्ये अगदी नवजात बाळांकडे वळली होती. गावातलीच एक थोडं शिकलेली बाई निवडायची, तिला शिकवायचं, आणि तिने प्रत्येक बाळंतपणाला हजर राहून पुढे महिनाभर ठरलेल्या दिवशी घरी जायचं. तिला ते आरोग्यदूत म्हणत. पहिल्या वर्षी उपचार काहीच बदलले नाहीत, नुसतं पाहिलं आणि लिहिलं. ७६३ बाळं. त्यातल्या निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज पडली, आणि शेकडा तीनपेक्षा कमी बाळांना डॉक्टरचा उपचार मिळाला. तुम्ही हे वाक्य दोनदा वाचा. सरकारी यंत्रणा तिथे होती, दवाखाने होते, माझ्यासारख्या सेविका होत्या. बाळ आजारी पडतं ते खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, बाळंतीण बाहेर निघत नाही, आणि त्या कोपऱ्यापर्यंत आमच्यातलं कोणी पोचत नव्हतं.

नंतर आरोग्यदूताच्या पिशवीत काय काय आलं ते मी तिच्याचकडून पाहिलं आहे. झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला गुंडाळायची उबदार पिशवी, न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायचं साधन, आणि जेंटामायसिन या जंतुनाशक औषधाचं इंजेक्शन. रडणं क्षीण झालं, दूध ओढायचं थांबलं, अंग सैल पडलं, अशा खुणा तिला पाठ होत्या. त्या जुळल्या की जंतुदोष समजून ती आईबापाला विचारून इंजेक्शन द्यायची. अर्धशिक्षित बाईच्या हातात सुई दिली म्हणून डॉक्टरमंडळींनी तेव्हा केवढा आक्षेप घेतला होता! मलाही राग आला होता, खरं सांगते. मी दीड वर्षाचं प्रशिक्षण घेतलेली, आणि मला नवजात बाळाला ते इंजेक्शन द्यायची परवानगी नाही. राग तिच्यावर निघत होता, प्रश्न माझ्याबद्दलचा होता.

१९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'ने निकाल छापला. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते, तुलनेच्या ४७ गावांशी ताडून पाहता.

त्या ४७ गावांबद्दल मला थोडं थांबायचं आहे. संशोधनाच्या भाषेत त्यांना नियंत्रण गट म्हणतात. तिथे सरकारी सेवा जशी चालू होती तशी चालू राहिली, एवढंच लिहिलेलं असतं. माझ्या उपकेंद्राची काही गावं त्या यादीत होती हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे "जशी चालू होती तशी" ती सेवा म्हणजे मी. त्या लेखातल्या दोन रेघांपैकी एक रेघ खाली उतरते आणि दुसरी तशीच चालत राहते. दुसऱ्या रेघेत माझी सकाळी सहाची सायकल आहे, पावसाळ्यात डोक्यावर धरलेली लसीची पेटी आहे, आणि तरीही न वाचलेली लेकरं आहेत. मेहनतीत आम्ही कमी नव्हतो. आम्हाला शिकवलेलं नव्हतं, पिशवीत काही दिलेलं नव्हतं, आणि जे लेकरू गेलं ते गेलं असं लिहायची मुभा नव्हती. तुलनेच्या गावांतही संस्थेची माणसं ठरावीक महिन्यांनी घरोघर जाऊन जन्म-मृत्यू लिहीत. त्यांच्या यादीत असलेली बाळं माझ्या रजिस्टरमध्ये नव्हती. पात्र जोडप्यांच्या नोंदवहीत आई गरोदर दिसायची, लसीकरणाच्या नोंदवहीत मूल दिसायचं नाही, आणि दोन वह्यांच्या मधल्या जागेत ते नाहीसं व्हायचं.

संस्था वाढली म्हणतात ती कशी वाढली, हे मला या नोंदींतूनच समजलं. शोधग्रामच्या इमारती, पाहुणे, पुरस्कार, दोघांना २०१८ साली मिळालेली पद्मश्री, हे सगळं नंतर आलं. त्यांचा दवाखानासुद्धा लोकांना विचारून झाला. मोठ्या दवाखान्यात का येत नाही असं विचारल्यावर माणसांनी सांगितलं की तिथे सगळे पांढऱ्या कपड्यात असतात, पांढरं तर आम्ही मढ्याला गुंडाळतो. आणि नातलगांना बाहेर काढतात. म्हणून गोंड गावासारख्या झोपड्या-झोपड्यांचा दवाखाना बांधला आणि देवीचं नाव दिलं, माँ दंतेश्वरी. मी अठ्ठावीस वर्षं पांढरी साडी नेसून त्याच माणसांच्या दारात उभी राहिले. (तुमच्या अ‍ॅप्रनबद्दल काही सुचवायचं धाडस करत नाही. पण विचार करा.)

दारूबंदी १९९३ साली जिल्ह्यात आली, २०१६ पासून दारू-तंबाखूविरोधी 'मुक्तिपथ' मोहीम चालू आहे, तरुणांसाठी २००६ पासून 'निर्माण' हा शिबिरांचा उपक्रम आहे. ही कामं मोठी आहेत, पण मी ती जवळून पाहिलेली नाहीत.

जवळून पाहिलं ते असं, की ३९ आणि ४७ मिळून ८६ गावं होतात, आणि त्या ८६ गावांत ती नोंद थांबली नाही. संशोधन छापून आल्यावरही थांबली नाही. २००३ च्या सुमारास अर्भकमृत्यू १२१ वरून ३० वर आला तरी थांबली नाही. म्हणून पुढे एक वेगळीच गोष्ट दिसली. लेकरं जगू लागली तशी मोठी माणसं कशाने मरतात ते त्या नोंदीत दिसायला लागलं, आणि सगळ्यात वर नाव निघालं लकव्याचं. सातातला एक मृत्यू पक्षाघाताने. आदिवासी, डोंगरी, गरीब जिल्हा म्हणजे हिवताप आणि कुपोषण, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. रक्तदाब हा शहरातल्या लठ्ठ माणसांचा आजार, असं मलाही वाटायचं. उपकेंद्रात बीपीचं यंत्र गरोदर बायांसाठी असायचं, त्यांच्या सासऱ्याचा दंड आम्ही कधी त्यात घातला नाही. अशी गोष्ट एका वर्षाच्या पाहणीत सापडत नाही. पंचवीस-तीस वर्षं त्याच घरांत जात राहणारालाच ती सापडते.

आता जे सरकारपर्यंत गेलं त्याचं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाला घरी जाऊन भेटण्याची शिफारस केली. २०११ पासून देशभरच्या आशा, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या, ते काम करू लागल्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. आमच्या रानातल्या एका पिशवीची ही योजना झाली, याचा मला फार अभिमान आहे. पण योजना मोठी होताना तिच्यातून काही गळलं. इंजेक्शन गेलं. दर पंधरा दिवसांनी येऊन पाठीशी बसणारा पर्यवेक्षक गेला. राहिला वजनकाटा, राहिला फॉर्म आणि सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर आशाला मिळणारे २५० रुपये. २०१४ साली केंद्राने काही ठरावीक परिस्थितीत एएनएमना, म्हणजे आम्हा आरोग्यसेविकांना, जेंटामायसिन द्यायची परवानगी दिली. मी तो आदेश हातात घेऊन कितीतरी वेळ बसले होते. ३९ गावांतल्या बाया जे १९९६ पासून करत होत्या, ते करायला मला २०१४ पर्यंत थांबावं लागलं. मधल्या अठरा वर्षांची माझी गावं मला एकेक घरानिशी आठवतात.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. शंभर मुलं दरवर्षी, आणि प्रत्येकाकडे काही कुटुंबं. एवढं बळ गोदामातल्या त्या दोघांकडे नव्हतं. पण तुम्ही जर दर तुकडीला नवी गावं, नवी कुटुंबं देत गेलात, मुलांनी जर्नल भरून सही घेतली आणि विषय सुटला, तर पाच वर्षांनी तुमच्याकडे कागद खूप असतील आणि कळलेलं काहीच नसेल. कृपा करून गावं एकदाच निवडा आणि ती सोडू नका. पहिली तुकडी पुढे गेली की तिची घरं दुसरीच्या हाती द्या, नावानिशी, ओळख करून देऊन. दत्तक घेतलेली चार-पाच घरं तेवढी नकोत, आख्खं गाव घ्या, टोल्यासकट. टोलाच नेहमी सुटतो.

दुसरं असं की, तक्त्यात पहिला प्रश्न "घरात किती माणसं" हा असू द्या, पण दुसरा "गेल्या वर्षात या घरात कोणाचा जन्म झाला, कोण गेलं" हा असू द्या. बाळ गेलं असेल तर आईला विचारा, ते रडलं होतं का? हात-पाय हलवले होते का? दूध ओढलं होतं का? उपजत मृत्यू आणि जन्मून गेलेलं बाळ यातला फरक या तीन प्रश्नांत आहे. हे विचारताना घाई करायची नाही, आई सांगायला लागली की पेन खाली ठेवायचं. ती बऱ्याच वर्षांत कोणाशी बोललेली नसते.

आणि अधिष्ठाता साहेब, हे खास तुमच्यासाठी. मुलं असं नीट विचारायला लागली की पहिल्या वर्षी तुमच्या गावांतले मृत्यू जिल्ह्याच्या अहवालापेक्षा जास्त निघतील. निघणारच. त्या दिवशी फोन येतील. तेव्हा ज्या आशाने, ज्या सेविकेने खरं सांगितलं तिला कारणे दाखवा नोटीस जाणार नाही, एवढं आरोग्य विभागाशी आधीच लेखी ठरवून घ्या. हे एक झालं नाही तर बाकी सगळं व्यर्थ आहे, कारण पुढच्या महिन्यापासून बाळं पुन्हा उपजत मृत व्हायला लागतील. मी स्वतः लिहिलेलं आहे, मला ठाऊक आहे ते कसं होतं.

संशोधनाचे विषय ठरवायला समिती बसेल तेव्हा तिच्यात एखादी आशा, एखादी दाई, एखादी आरोग्यसेविका बसवा. आम्हाला पेपर वाचता येणार नाही. पण धानाच्या रोवणीत बाया दिवसभर चिखलात वाकून असतात आणि त्यानंतरच्या महिन्यात काय दुखणी घेऊन येतात, मोहफुलं वेचायच्या दिवसांत लेकरं कोणाजवळ असतात, माडिया गावांत पाळीच्या बायांना कुर्मा घरात ठेवतात तेव्हा तिथे साप चावला तर काय होतं, हे आम्हाला माहीत आहे. भामरागड-एटापल्लीकडे जाणाऱ्या मुलांना गोंडी किंवा माडिया कामापुरती तरी शिकवा. दुभाषा मधे असला की बाई कंबरदुखीच्या पुढे काही सांगत नाही.

शोधग्रामला मुलांना नुसतं एका दिवसाच्या सहलीला नेऊ नका. तिथली जन्म-मृत्यूची वही कशी भरतात, दोन माणसांची नोंद जुळली नाही तर तिसरा कसा तपासतो, ते आठ दिवस राहून शिकू द्या. त्यांची संस्था एका जोडप्याच्या आयुष्यातून वाढली. तुमची सरकारी आहे, अधिष्ठाता बदलतील, अध्यापक बदलून जातील. म्हणून वही माणसावर अवलंबून न ठेवता ती विभागाच्या कामातच पक्की बसवा, ही विनंती.

सेविकांमधल्या आम्ही काही निवृत्त झालेल्या बाया अजून धडधाकट आहोत. गावं आम्हाला ओळखतात, दारं आमच्यासाठी उघडतात. पहिली वही सुरू कराल तेव्हा आम्ही मुलांबरोबर फिरू, मानधन नको. फक्त पावसाळ्यात आणि रोवणीच्या दिवसांत गावभेट ठेवू नका, घरी कोणी सापडत नाही. धान कापून मळणी आटोपली की, पौषात, सकाळी सातच्या आत गावात पोचायचं. मुलांना सांगा, थंडी फार असते, स्वेटर घेऊन यायचं, आणि पहिल्या घरी चहा नाकारायचा नाही.

ज्या घरी बाळ आठ दिवसांचं होऊन गेलं, ते घर माझ्या शेजारीच आहे. सुरुवात तिथून करू. मी त्या बाळाच्या आईशी बोलून ठेवलं आहे, ती सांगायला तयार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका
तालुका धानोरा, जिल्हा गडचिरोली